मुंबईहून दुबईला एकट्याने: प्रवासाचा दिवस तासातासाने कसा आखावा

हा लेख कोरोनाच्या काळातला आहे. नोव्हेंबर २०२१ च्या मध्यावर लागू असलेल्या नियमांवर तो लिहिला आहे, आणि त्यातले कोरोनाच्या चाचण्यांचे नियम आता लागू नाहीत. तेव्हा हे नियम आठवड्याभरातही बदलत. म्हणून तिकीट काढण्याआधी एकदा आणि निघायच्या आदल्या दिवशी एकदा विमान कंपनीच्या संकेतस्थळावर ते स्वतः वाचा. व्हॉट्सॲपवर फिरणारी जुनी यादी प्रमाण मानू नका. ऑगस्ट २०२१ मध्ये विमानतळावरच्या चाचणीची मुदत ४ तासांची होती, नोव्हेंबरमध्ये ती ६ तासांची होती, आणि ४ तासांचे मेसेज तरीही फिरत होते.

मी दुबईतल्या बर दुबई या भागात राहते. भारतातून येणारी विमानं इथे २४ एप्रिल २०२१ ला बंद झाली आणि ५ ऑगस्टपासून थोडी थोडी सुरू झाली. तेव्हापासून कोल्हापूर, रत्नागिरी, नाशिक, पुणे अशा ठिकाणांहून पहिल्यांदा येणाऱ्या मुलामुलींचे फोन मला येतात. बहुतेक जण नोकरीसाठी येतात, काही जणी नवऱ्याकडे, काही जण नुसते तेव्हा दुबईत भरलेलं 'एक्स्पो' हे जागतिक प्रदर्शन बघायला. त्यातले जे एकटे निघतात त्यांची काळजी मला जास्त वाटते. दोघं असले की एक रांगेत राहतो आणि दुसरा झेरॉक्स शोधतो. एकट्याला हे सगळं आधीच करून ठेवावं लागतं.

नोव्हेंबर २०२१ मध्ये भारतातून दुबईला येताना कोरोनाच्या तीन चाचण्या होत्या. पहिली आरटी-पीसीआर, तिचा नमुना विमान सुटण्याआधीच्या ४८ तासांत दिलेला हवा असे. दुसरी रॅपिड पीसीआर, मुंबई विमानतळावरच, विमान सुटण्याआधीच्या ६ तासांत. तिसरी दुबईत उतरल्यावर. लस घेतली म्हणून यातली एकही टळत नसे. रॅपिड पीसीआर आणि रॅपिड अँटिजेन या दोन वेगळ्या चाचण्या आहेत. गल्लीतल्या दवाखान्यात मिळणारा अँटिजेनचा कागद इथे कामाचा नव्हता.

खरी तपासणी काउंटरवर होते

नवखे लोक दुबईच्या इमिग्रेशनला घाबरतात. पण आरोग्याच्या नियमांपुरती खरी तपासणी मुंबईत, बोर्डिंग पास देणाऱ्या काउंटरवर होते. अपुऱ्या कागदांचा प्रवासी विमान कंपनीने नेला आणि दुबईने तो नाकारला, तर त्याला परत आणण्याचा भार कंपनीवरच येतो. म्हणून काउंटरवरची व्यक्ती प्रत्येक कागदावरचं नाव, तारीख आणि वेळ बघते. विमान कंपन्या 'टिमॅटिक' नावाची प्रणाली वापरतात, कोणत्या देशाला काय लागतं ते तिच्यात असतं. तिथे जे लिहिलंय त्यापलीकडे काउंटरवरचा माणूस जाऊ शकत नाही. त्याच्याशी वाद घालून किंवा गयावया करून काही होत नाही. कागद बरोबर असेल तर दोन मिनिटांत पुढे जाता, नसेल तर विमान तुमच्याविना उडतं. हे डोक्यात ठेवलं की पुढची सगळी धावपळ कशासाठी आहे ते समजतं.

दोन-तीन आठवडे आधी: नावं जुळवा

आपल्याकडे सगळ्यात जास्त घोटाळा नावाचा होतो. पासपोर्टवर 'गिव्हन नेम' या रकान्यात बहुधा तुमचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं आणि आडनाव वेगळ्या रकान्यात असतं. आधारवर क्रम वेगळा असतो. लग्न झालेल्या मुलींचं आधार सासरच्या नावाने आणि पासपोर्ट माहेरच्या नावाने असं तर घरोघरी दिसतं. लस आधारवर घेतली, चाचणी आधारवर केली आणि विमानात पासपोर्टवर बसायला निघालात, तर तीन कागदांवर तीन नावं होतात. उपाय एकच आहे. इथून पुढे जे काही भराल ते पासपोर्ट उघडा ठेवून, त्यातलंच स्पेलिंग उतरवून भरा.

लशीचं प्रमाणपत्र कोविन या सरकारी लसीकरणाच्या संकेतस्थळावर पासपोर्टशी जोडून घ्या. संकेतस्थळावर लॉग इन करून 'रेज ॲन इश्यू' मध्ये गेलं की पासपोर्टचा तपशील घालायची सोय दिसते. तिथे नंबर टाकताना घाई करू नका, चुकलेला नंबर दुरुस्त करून घेणं सोपं नाही. नवं प्रमाणपत्र उतरवून त्याची प्रत काढा. तेव्हा दुबईला चढताना लशीपेक्षा चाचण्यांना जास्त महत्त्व होतं, पण एक्स्पोच्या दारात हेच प्रमाणपत्र लागे आणि नोकरीच्या ठिकाणीही मागत.

दुबईचा रहिवासी व्हिसा आधीपासून असेल आणि सुट्टीवर गावी आला असाल, तर परतण्यासाठी तेव्हा जीडीआरएफए या दुबईच्या इमिग्रेशन खात्याची ऑनलाइन मंजुरी लागे. ती ईमेलने येई, तिची छापील प्रत काढायची. नव्या नोकरीच्या व्हिसावर पहिल्यांदा येत असाल तर तुमच्या कंपनीच्या पीआरओला, म्हणजे व्हिसाची सरकारी कामं बघणाऱ्या माणसाला, दोन प्रश्न स्पष्ट विचारा: माझ्या व्हिसाला आणखी कुठली मंजुरी लागते का, आणि माझ्या विमान कंपनीला 'ओके टु बोर्ड' (व्हिसा तपासून चढू देण्याची आगाऊ नोंद) लागतं का. उत्तर लेखी घ्या, मेसेज चालेल. पासपोर्टवर 'ईसीआर' चा शिक्का असेल, म्हणजे साधारणपणे दहावी पास नसलेल्यांच्या बाबतीत, तर नोकरीसाठी अमिरातीत जायला भारत सरकारच्या ई-मायग्रेट प्रणालीतून परवानगी लागते. हा नियम महामारीच्या आधीपासूनचा आहे, पण चाचण्यांच्या गडबडीत तो विसरला जातो.

घड्याळ उलटं मोजा

आता मुख्य काम. कागद आणि पेन घ्या. विमान सुटण्याची वेळ वर लिहा आणि तिथून मागे मोजत या. एक उदाहरण घेऊ.

समजा तिकिटावर लिहिलंय: शनिवार, २० नोव्हेंबर २०२१, पहाटे ४:३०. इथेच पहिला सापळा आहे. शनिवारची पहाट म्हणजे शुक्रवारची रात्र. घरातून निघायचं शुक्रवारी, विमानतळावर पोचायचं शुक्रवारी. तिकिटावर शनिवार दिसतो म्हणून शुक्रवारी रात्री निवांत झोपलात तर विमान गेलं. घरातल्या सगळ्यांना 'शुक्रवारी रात्रीचं विमान' असंच सांगा.

४:३० मधून ४८ तास वजा केले की गुरुवार पहाटे ४:३० येतात. त्याच्या एक मिनिट आधी दिलेला नमुनाही बाद. हे तास रिपोर्ट आल्यापासून नाही, नमुना दिल्यापासून मोजतात. बुधवारी संध्याकाळी नमुना देऊन गुरुवारी सकाळी रिपोर्ट हातात घेतला, तरी तो चालणार नाही.

मग गुरुवारी किती वाजता? सकाळी ७ वाजता लॅब उघडल्या उघडल्या जायचा मोह होतो. मी सांगेन, ११ ते १२ च्या दरम्यान द्या. १२ वाजता दिलेला नमुना विमान सुटताना साडेचाळीस तासांचा असतो, म्हणजे हातात साडेसात तास शिल्लक राहतात. विमानाला उशीर झाला तर हेच तास उपयोगी पडतात. याहून उशिरा दिला तर शुक्रवारी दुपारपर्यंत रिपोर्ट येईल याची खात्री राहत नाही. तुमच्या विमानाची वेळ वेगळी असेल तर आकडे बदलतील. रीत तीच: मुदत संपायला पाच-सात तास शिल्लक राहतील असा नमुना द्या आणि रिपोर्टला २४ तास धरा.

दुसरं गणित सोपं आहे. ४:३० मधून ६ तास वजा, म्हणजे शुक्रवार रात्री १०:३०. रॅपिड चाचणी त्याच्या आधी करून घेऊ नका. विमानतळावर पोचा मात्र ९:३० पर्यंत, कारण आत जायला, चाचणीची जागा शोधायला आणि नोंदणीला वेळ लागतो.

वेळांचा हा कागद फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवा आणि त्याचा फोटो घरच्यांना पाठवा. ऐन वेळी तुमचं डोकं चालेनासं झालं, तर घरी कोणाकडे तरी तो असलेला बरा.

लॅब निवडताना

जवळची, स्वस्तातली लॅब बघण्याआधी लॅबला हे विचारा. रिपोर्टवर क्यूआर कोड असतो का, आणि तो स्कॅन केल्यावर मूळ रिपोर्ट उघडतो का? दुबईला तेव्हा नेमकं हेच लागे. नुसता चौकोन छापलेला असून भागत नाही, तो फोनने स्कॅन करून बघा. रिपोर्टवर पासपोर्ट नंबर येतो का? नमुना दिल्याची तारीख आणि वेळ, दोन्ही छापतात का? काही रिपोर्टवर फक्त तारीख असते. फक्त तारीख असेल तर ४८ तास मोजायचे कसे, म्हणून काउंटरवर तो अडतो. रिपोर्ट इंग्रजीत हवा. हाताने लिहिलेला कागद किंवा नुसता एसएमएस चालत नाही.

आणखी एक. काही भारतीय लॅबचे रिपोर्ट दुबई तेव्हा स्वीकारत नसे. आपली लॅब त्यात आहे का ते विमान कंपनीच्या संकेतस्थळावर बघावं लागे.

जिल्ह्याच्या गावात राहणाऱ्यांना प्रश्न पडतो: चाचणी गावात करायची की मुंबईत? मोठ्या लॅबची गावातली शाखा बहुतेक वेळा फक्त नमुना घेते आणि तो पुण्याला किंवा मुंबईला जातो. 'रिपोर्ट किती वाजता येईल' यापेक्षा 'नमुना इथून किती वाजता निघतो' असं विचारा, उत्तर खरं मिळेल. जमत असेल तर चाचणी गावातच करा असं माझं ठाम मत आहे. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर तुम्ही आपल्या घरी, आपल्या माणसांत असाल. मुंबईत लॉजवर एकटं असताना तो निरोप मिळणं फार वाईट.

गेल्या महिन्या-दोन महिन्यांत कोरोना होऊन गेला असेल तर निघण्याच्या आठवडाभर आधी स्वतःसाठी एक चाचणी करून घ्या. बरं झाल्यावरही काही आठवडे पीसीआरमध्ये विषाणूचे अवशेष सापडू शकतात. तसं निघालं तर तारीख पुढे ढकलायला वेळ मिळतो. त्यासाठी तिकीट काढतानाच तारीख बदलण्याची अट वाचून ठेवा. पाचशे-हजार रुपये वाचवायला न बदलणारं तिकीट या दिवसांत घेऊ नये.

फाईल आणि बॅग

कागद मोबाईलमध्ये असले तरी छापून घ्या. पारदर्शक प्लास्टिकची, बटणाची फाईल घ्या आणि कागद ज्या क्रमाने मागतात त्या क्रमाने लावा: तिकीट, व्हिसा, जीडीआरएफएची मंजुरी असल्यास ती, आरटी-पीसीआरचा रिपोर्ट, रॅपिडच्या रिपोर्टसाठी मोकळा कप्पा, लशीचं प्रमाणपत्र, दुबईतला पत्ता आणि फोन एका कागदावर मोठ्या अक्षरांत. आरटी-पीसीआरच्या तीन प्रती असू द्या, एखादी कोणी ठेवून घेतली तरी अडत नाही. पासपोर्ट फाईलमध्ये ठेवू नका, तो अंगावरच्या एकाच ठरलेल्या खिशात किंवा गळ्यातल्या पाकिटात असू द्या. दाखवला की परत तिथेच. एकट्या माणसाचा पासपोर्ट हरवतो तो अशाच वेळी, एका हातात फाईल, दुसऱ्यात फोन आणि तोंडावरचा मास्क खाली-वर करताना.

स्वतःचं पेन घ्या. पॉवर बँक केबिन बॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत ती चालत नाही. चार-पाच सर्जिकल मास्क आणि छोटी सॅनिटायझरची बाटली हाताशी ठेवा. कापडी मास्क घरी राहू द्या.

दुबईचे औषधांचे नियम कडक आहेत. कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेली औषधं, झोपेच्या गोळ्या, मानसिक आजारावरची काही औषधं पूर्वपरवानगीशिवाय आणता येत नाहीत. ही परवानगी अमिरातीच्या आरोग्य मंत्रालयाकडून ऑनलाइन मिळते. खोकल्याच्या औषधाची बाटली 'असू दे सोबत' म्हणून टाकण्याआधी तिच्यात काय आहे ते वाचा. नेहमीची बीपी-शुगरची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसह ठेवा.

आणि खसखस. आईने प्रेमाने दिलेला दिवाळीचा फराळ उरला असेल, तर त्यातले खसखस लावलेले अनारसे घरीच ठेवा. मसाल्याच्या डब्यात खसखशीची पुडी असेल तर काढा. खसखस इथे अमली पदार्थांच्या कायद्यात येते, ती आणणं गुन्हा आहे. आपल्याकडे प्रत्येक किराणा दुकानात मिळणारी वस्तू असल्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही, म्हणून हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगते. तुमची बॅग आईने किंवा मावशीने भरली असेल तर ती एकदा पूर्ण रिकामी करून स्वतः भरा. कोणी 'एवढं माझ्या भावाला दे' म्हणून बंद पाकीट दिलं, तर नम्रपणे नाही म्हणा.

मुंबईपर्यंत

नोव्हेंबर २०२१ मध्ये एसटीचा संप चालू होता, त्यामुळे नेहमीच्या गाडीवर विसंबून चालत नव्हतं. कोकणातून किंवा पश्चिम महाराष्ट्रातून येणार असाल तर रेल्वेचं आरक्षण किंवा खासगी गाडी आधीच ठरवा. खासगी बसचे दरही त्या दिवसांत चढे होते. मुंबईतल्या लोकलमध्ये तेव्हा लशीचे दोन्ही डोस होऊन १४ दिवस झालेल्यांनाच प्रवेश होता. एकच डोस झाला असेल तर दादर किंवा ठाण्याहून टॅक्सीचा खर्च धरावा लागे. आंतरराष्ट्रीय विमानं टर्मिनल २ वरून सुटतात, म्हणजे सहारला. टॅक्सीवाल्याला 'टी-टू, डिपार्चर' असं सांगा.

शुक्रवारी संध्याकाळी ५ पर्यंत मुंबईत असाल असं बघा. रिपोर्ट छापून घ्यायचा राहिला असेल तर ते याच वेळेत करा, रात्री झेरॉक्सचं दुकान शोधत हिंडू नका. नीट जेवा. घरचं काहीतरी सोबत ठेवा, पोळी-भाजी किंवा धपाटे. रात्र मोठी आहे आणि विमानतळावर चहासुद्धा महाग.

विमानतळावरची रात्र

दारावर सीआयएसएफचे जवान तिकीट आणि पासपोर्ट बघतात. सोडायला आलेल्यांचा निरोप इथेच घ्यावा लागतो. एक विनंती आहे: ज्यांना शक्य आहे त्यांनी सोडायला आलेल्या माणसाला तुमचा रॅपिड रिपोर्ट येईपर्यंत विमानतळाजवळ थांबायला सांगावं. मुंबईत कोणी नसेल तर एखाद्या ओळखीच्या माणसाला आधीच विचारून ठेवा, 'रात्री बारा-एकला माझा फोन आला तर उचलशील ना?' बहुतेकदा तो फोन करावा लागत नाही. पण पॉझिटिव्ह आलात तर दोन बॅगा घेऊन मध्यरात्री कुठे जायचं, हे त्या क्षणी ठरवायला लागू नये.

आत गेल्यावर कोणालाही 'दुबई रॅपिड पीसीआर' एवढं विचारा, सगळे दाखवतात. नोंदणी होते, पैसे भरायचे, तेव्हा साडेचार हजार रुपयांच्या घरात खर्च येई. कार्ड आणि रोख दोन्ही ठेवा, एक चाललं नाही तर दुसरं. फॉर्मवर पुन्हा पासपोर्टप्रमाणेच नाव आणि नंबर. पावतीवर छापलेलं नाव तिथल्या तिथे वाचा. 'जाधव' मधला एक एच गळला तरी आत्ता सांगा, रिपोर्ट छापून आल्यावर दुरुस्तीसाठी तुम्हाला पुन्हा रांगेत उभं राहावं लागेल.

नाकातून नमुना घेताना ट्रॉली तुमच्या समोर राहील अशी लावा, पाठीमागे नाही. फाईल मांडीवर, पासपोर्ट खिशात. काही सेकंद डोळ्यांत पाणी येतं, एवढंच. नंतर जवळच बसा. यंत्राला लागणारा वेळ थोडाच आहे, पण दुबईची दोन-तीन विमानं लागोपाठ असली की गर्दीमुळे तास-दीड तास सहज जातो. मोबाईल चार्जिंगला लावून झोपी जाऊ नका. आपलं नाव किंवा नंबर पुकारला जातो तो ऐकावा लागतो आणि शेजारी उठवायला कोणी नसतं.

स्वच्छतागृहाला जायचं असेल तर ते चेक-इनच्या आधी, नमुना देण्यापूर्वी किंवा रिपोर्टची वाट बघताना उरका. ट्रॉली दारापर्यंत नेता येते. मोठ्या बॅगा अनोळखी माणसावर सोपवू नका आणि दुसऱ्याच्याही सांभाळू नका. फार तर एखाद्या कुटुंबाशेजारी ठेवा आणि दोन मिनिटांत परत या.

निगेटिव्ह रिपोर्ट हातात आला की आधी वाचा: नाव, पासपोर्ट नंबर, वेळ. मगच काउंटरच्या रांगेत लागा. काउंटर बहुतेक कंपन्या विमान सुटण्याआधी १ तास बंद करतात, म्हणजे आपल्या उदाहरणात ३:३० ला. तुम्ही १२:३० ते १ पर्यंत तिथे असायला हवं. सगळी फाईल पुढे करू नका. जे मागतील तेवढंच द्या आणि परत घेतल्यावर त्याच कप्प्यात घाला. दुबईत कुठे राहणार, कोणाकडे, असं विचारलं तर पत्त्याचा कागद दाखवा. बॅगेचा टॅग आणि बोर्डिंग पास मिळाला की सगळ्यात अवघड भाग संपला.

पुढे इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणी नेहमीसारखीच. इमिग्रेशनला कामाचं स्वरूप, कंपनीचं नाव विचारतात. सरळ, छोटी उत्तरं द्या.

पॉझिटिव्ह आलं तर

या विषयावर कोणी बोलत नाही, म्हणून स्पष्ट लिहिते. रॅपिड पॉझिटिव्ह आली की त्या विमानात चढता येत नसे. आधीचा आरटी-पीसीआर निगेटिव्ह असला तरी नाही. रडू येतं, राग येतो, नोकरी जाईल असं वाटतं. पण त्या अर्ध्या तासात करायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. विमान कंपनीच्या काउंटरवर जाऊन विमान सुटण्याआधी सांगा की आपण चढत नाही आहोत, आणि तिकिटावर तशी नोंद करून घ्या. न सांगता निघून गेलात तर 'नो शो' धरून पैसे जाऊ शकतात. पॉझिटिव्ह रिपोर्टची प्रत जपून ठेवा, तारीख बदलायला ती लागते. दुबईतल्या कंपनीला त्याच रात्री मेसेज करून रिपोर्टचा फोटो पाठवा. इथल्या कंपन्यांनी गेल्या काही महिन्यांत हे पुष्कळदा पाहिलेलं आहे, महामारीच्या कारणाने उशीर झालेल्या माणसाला सहसा समजून घेतात. मग ज्याला सांगून ठेवलंय त्याला फोन करा, मास्क काढू नका, आणि विलगीकरणाच्या सूचना पाळा. वृद्ध नातेवाइकांच्या घरी जाऊ नका.

विमानात आणि उतरल्यावर

विमान साधारण तीन तासांचं. जेवताना सोडून मास्क लावलेला ठेवा. घड्याळ दीड तास मागे करा.

दुबईला उतरल्यावर तेव्हा इमिग्रेशनच्या आसपास पीसीआरसाठी नमुना घेत. इथे महत्त्वाची गोष्ट म्हणजे फोन नंबर. निकाल एसएमएसने येई. भारतातलं सिम रोमिंगवर चालू असेल तर तो नंबर द्या. नसेल तर ज्यांच्याकडे उतरणार त्यांचा दुबईचा नंबर द्या, पण त्यांना तसं सांगून ठेवा. बंद पडलेला भारतीय नंबर दिला की निकाल कुठेतरी हवेत राहतो आणि तुम्ही खोलीत अडकता. तेव्हाचं 'कोविड-१९ डीएक्सबी' हे ॲप मुंबईतच उतरवून ठेवायचं.

घरच्यांना आधीच सांगा: व्हॉट्सॲपवर मेसेज आणि फोटो जातात, पण कॉल इथे लागत नाही. पहिल्यांदा येणाऱ्या मुलीने व्हॉट्सॲपवर कॉल करून बघितला, लागला नाही, आणि गावाकडे आईचा जीव टांगणीला लागला, असं दर आठवड्याला कोणाच्या तरी बाबतीत होतं. 'बोटिम' हे ॲप इथे चालतं. आईच्या फोनवर ते निघण्याआधी घालून द्या आणि एकदा वापरून दाखवा. विमानतळावरच्या मोफत वायफायवरून 'पोचले' एवढा मेसेज आधी टाका.

शहरात जाण्यासाठी मेट्रो टर्मिनल १ आणि ३ ला आहे, टर्मिनल २ ला नाही. पण निकाल येईपर्यंत खोलीतच राहायचा नियम तेव्हा असल्यामुळे गर्दीची मेट्रो टाळायची आणि टॅक्सी घ्यायची. विमानतळावरच्या टॅक्सीचं मीटर २५ दिरहमपासून सुरू होतं, नोव्हेंबर २०२१ मध्ये एक दिरहम म्हणजे साधारण २० रुपये होते. शंभर-दोनशे दिरहम मुंबईहूनच बदलून आणा. एकट्या बाईसाठी गुलाबी छताच्या टॅक्सी असतात, त्या बायका चालवतात. रांगेतल्या कर्मचाऱ्याला 'लेडीज टॅक्सी' म्हटलं की पुरे. मास्क तेव्हा टॅक्सीतही हवाच असे, न लावल्यास ३,००० दिरहम दंड होता.

खोलीत पोचल्यावर निकाल येईपर्यंत बाहेर पडू नका. दूध, ब्रेड, पाणी कोणाला तरी आधी आणून ठेवायला सांगा. रूममेट असतील तर त्यांच्यासोबत एका ताटात जेवायला बसू नका, आग्रह झाला तरी. निकाल पॉझिटिव्ह आला तर दुबई आरोग्य प्राधिकरणाच्या सूचनांप्रमाणे विलगीकरणात राहावं लागे. त्यांची हेल्पलाइन ८००३४२ आहे, इंग्रजीत बोलतात.

निकालाच्या एसएमएसचा स्क्रीनशॉट काढा. नोकरीच्या ठिकाणी पहिल्या दिवशी तो मागत. लस पूर्ण झालेली नसेल तर एक्स्पोला ७२ तासांतला निगेटिव्ह पीसीआर लागे, तिथेही हा चालून जाण्यासारखा असे. भारतात परत जातानाचं गणित तेव्हा वेगळं होतं: भारत सरकारच्या एअर सुविधा पोर्टलवरचं स्वयंघोषणापत्र आणि ७२ तासांतला आरटी-पीसीआर. तो कागदही याच फाईलमध्ये लावायचा आणि परततानाही सुटण्याच्या वेळेपासून मागे मोजायचं, दुबईच्या घड्याळाने.